बीटाचा एक घास

नाक-कान-घशाच्या दवाखान्यात एका हॉटेलची शेफ जीव मुठीत धरून बसली होती. सर्दी जाऊन कितीतरी दिवस झाले, तरी जिभेला चव म्हणून कळत नव्हती, आणि स्वयंपाकघरात तिनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, दादाच्या साठीला निळ्या दाराच्या हॉटेलात जाऊ या. तिथला तो बीटाचा घास!”

शेफ सावरून बसली. निळं दार तिच्याच हॉटेलचं.

“चमच्याएवढा घास आणि डोंगराएवढं कौतुक, वन्सं!”

“अगं, सुरुवातीला एकच देतात. सगळं जेवण विसरशील, पण तो नाही विसरणार. रविवारी मात्र नुसता खारट लागला.”

“मग बोलला नाहीत?”

“वेटर म्हणाला, शेफ स्वतः चाखूनच पाठवतात. म्हटलं, असेल बाई नवी तऱ्हा. आपलं अडाणीपण कशाला उघडं पाडा? वर मानही डोलावली.”

“आणि ह्यांचं ब्लडप्रेशर?”

“एका घासानं काय होतंय! उद्याचं टेबलही सांगून झालंय.”

शेफनं तिथूनच हाताखालच्या स्वयंपाक्याला फोन लावला.

“ऐक, आजपासून प्रत्येक पदार्थ तू चाखायचा. मला चव कळत नाहीये.”





“ताई, खारट तर सगळ्यांनाच लागत होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय.”