आवाज भाड्याने दिला होता

(पॅरिसबाहेरचा डबिंग स्टुडिओ. जुना नट ओनोरे बार्बेझ, दिग्दर्शिका मायेल, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला लोइक.)

बार्बेझ : परत बोला. काय म्हणालात?

मायेल : सिनेमा तुमचा, चेहरा तुमचा. फक्त आवाज दुसऱ्याचा घेऊ म्हणतेय, बार्बेझसाहेब.

बार्बेझ : फक्त! बावीस वर्षं लियाँच्या रंगमंचावर माईकशिवाय राजे रंगवले मी. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यासुद्धा रडायच्या!

मायेल : सिनेमा लोकांना दाखवून पाहिला. तुम्ही तोंड उघडलंत की हसतात. म्हणतात, हा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा कोळी त्या अमेरिकन नट डेल हचिन्ससारखा का बोलतोय?

बार्बेझ : अहो, हचिन्स माझ्यासारखा बोलतो! त्याच्या एकतीस सिनेमांना फ्रेंच आवाज मी दिला. त्याचा खरा ऐकलाय? दाराची बिजागरी बरी.

लोइक : खरंय. मूळ इंग्रजी सिनेमा पाहिला तेव्हा मला वाटलं, याला सर्दी झालीय.

मायेल : लोइक, तू तुझं काम कर.

बार्बेझ : हचिन्स वारला तेव्हा फुलं माझ्या घरी आली, बाई! बायकोने शेजारून फुलदाण्या मागून आणल्या. बेकरीत ‘दोन पाव द्या’ म्हणालो, तर पाववाली ढसाढसा रडायला लागली.

मायेल : मी तरी दुसरं काय सांगतेय?

बार्बेझ : नाटकं मिळेनात म्हणून आवाज भाड्याने दिला होता मी. विकला नव्हता! आता अडुसष्टाव्या वर्षी सिनेमात पहिली मुख्य भूमिका, आणि त्यात मी मुका?

मायेल : निर्मात्यांनी ठरवलंय. नवा नट उद्या येतोय. त्याचा आवाज कुणी ओळखत नाही.

बार्बेझ : माझाही कुणी ओळखत नाही. सगळे हचिन्सला ओळखतात. तेवढीच पात्रता लागत असेल तर मीच बसतो माईकसमोर!

मायेल : ओरडू नका हो.

बार्बेझ : ओरडणार! त्या माणसासाठी अकरा वेळा मेलोय मी. गोळी खाऊन, बुडून, एकदा तर अस्वलाच्या हातून. एकदा तरी माझ्या आवाजात मरू द्या मला!

मायेल : ...शेवटचा प्रसंग तुमचाच ठेवते. कोळी मरतो तो. समुद्राच्या वाऱ्यात नीट रेकॉर्ड झाला नव्हता, म्हणून तर आज बोलावलं.

बार्बेझ : किती वाक्यं?

मायेल : वाक्य नाहीये. एक श्वास आहे.

बार्बेझ : एक.

मायेल : लांब आहे.

बार्बेझ : घ्यायचाय की सोडायचाय?

मायेल : सोडायचाय.

बार्बेझ : म्हणजे अर्धाच. ...लोइक, माईक लाव.