पंचरंगी पेला

टाळ जरा थांबवा. पखवाजालाही दम खाऊ द्या. मंडळी, आज तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो – माणसानं भ्यावं, की भिऊ नये?

बघा, लगेच माना हलल्या! "भिऊ नये महाराज, भिऊ नये!" वा! म्हणजे इथं सगळे शूरच बसलेत! मग मघाशी मंडपात पाल पडली, तेव्हा पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत उडी कुणी मारली? नाव घेत नाही – गावचे प्रतिष्ठित आहेत!

भीती सगळ्यांना आहे हो. देवानं पोट दिलं, तेव्हाच पोटात भीतीचा गोळाही दिला. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोन भयं एकाच वेळी समोर उभी राहिली – एक इकडे ओढतंय, एक तिकडे – तर ऐकायचं कुणाचं? याचं उत्तर मी देत नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो, ती देईल. ऐका!

नाशिककडचा एक गृहस्थ, पोपट निकुंभ. वय चाळिशीला टेकलेलं. नाव पोपट, पण बोलण्यात शुद्ध दगड! लग्नात नाव घ्यायची वेळ आली, तर म्हणे बायकोनंच दोघांचे उखाणे उरकले. आणि धंदा काय? आता कान घट्ट धरा – पार्ट्यांमध्ये काउंटरमागे उभं राहून हा माणूस कॉकटेल बनवायचा!

हं! मागची तरुण मंडळी बघा कशी सावरून बसली! इतका वेळ भगवंताचं नाव चाललं होतं, तर डुलक्या. कॉकटेल म्हटलं – डोळे टक्क! बसा, बसा. कृती सांगतो, पण घरी करू नका.

पोपटाचा हात म्हणजे देणगी होती. उंच काचेचा पेला घ्यायचा. तळाला डाळिंबाचा घट्ट लालभडक पाक. मग चमचा उपडा धरायचा, पेल्याच्या कडेला टेकवायचा, आणि त्याच्या पाठीवरून संत्र्याचा रस असा सोडायचा, असा सोडायचा... की तळाच्या लालाला कळूसुद्धा नये, वर कुणी येऊन बसलंय! त्यावर खसाचं हिरवं. त्यावर निळं. आणि सगळ्यांत वर जांभळट रंग दिलेली कडक दारू. पाच रंग, पाच थर, आणि एकही दुसऱ्यात मिसळत नाही. कारण जड ते खाली बसतं आणि हलकं ते वर तरंगतं. हे फक्त पेल्यातच होतं असं नाही बरं का! हलकी माणसं वर तरंगताना तुम्हीही पाहिली असतील. जाऊ द्या, गोष्टीवर या!

रंगपंचमीचा दिवस. नाशिकची रंगपंचमी म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना विचारा. रस्ते रंगीत, गाढवं रंगीत, पोलीससुद्धा रंगीत! गावाबाहेर उल्हासशेठ शिरोड्यांचा मळा. शेठजींच्या मुलीचं नुकतंच लग्न झालेलं, लेकीची पहिली रंगपंचमी, म्हणून जावई, व्याही, विहीणबाई – सगळ्यांना बोलावणं. मांडव, गाणी, रंगाचे हौद. आणि मांडवाच्या एका कडेला पोपटाचा काउंटर. शेठजींची फर्माईश – "रंगपंचमी आहे, पेलाही पंचरंगी पाहिजे!"

खाण्यापिण्याचं कंत्राट होतं जयंता नावाच्या माणसाकडं. पोपट त्याच्याच हाताखाली. जयंता कसा? गिऱ्हाइकापुढं लोणी, नोकरापुढं करवत. त्या दिवशी पाहुणे वाढले आणि वरच्या थराची दारू दुपारपर्यंत आटली. जयंता मांडवामागं गेला आणि एक बाटली घेऊन आला. पोपटानं बघितलं – बाटली भरलेली, पण झाकणाला सील नाही.

"ही कुठली, जयंताभाऊ?"

"तुला काय करायचंय? ओत!"

"नाही, सील..."

"तू सील बघायला आलायस, का रंग बघायला? ओत म्हटलं ना!"

आणि पोपटानं ओतली. मंडळी, त्याच्या मनात पाल चुकचुकली नव्हती का? चुकचुकली होती! पण समोर जयंताचे डोळे होते. पोपटानं चमचा उपडा धरला, नव्या बाटलीतला वरचा थर सोडला. पहिला पेला तयार झाला, काउंटरवर ठेवला. ठेवतोय तोच रंगानं माखलेला एक हात आला आणि पेला उचलून गर्दीत दिसेनासा झाला. पोपटानं मान वर केली, तर समोर नुसती पाठमोरी गर्दी.

दुसऱ्या पेल्याला बर्फ कमी पडला. बर्फ आणायला पोपट मांडवामागं गेला. तिथं, ताडपत्रीखाली, एक पत्र्याचा डबा लवंडलेला. डब्यावरचा कागद खरवडून काढलेला, पण घाईत. खालचा कोपरा शिल्लक राहिला होता. त्या कोपऱ्यात कवटी होती – आणि कवटीखाली दोन हाडं.

हा डबा त्यानं पाहिलेला होता. त्याचा मेव्हणा फर्निचरला पॉलिश करायचा. घरात असलाच स्पिरिटचा डबा. मेव्हणा पोरांना त्या कोनाड्याकडं फिरकूसुद्धा द्यायचा नाही. "पोटात गेलं तर त्या दिवशी कळतही नाही. दुसऱ्या दिवशी आधी डोळे जातात, मग माणूस जातो," म्हणायचा.

मंडळी, त्या माणसाचं काय झालं असेल? भर दुपारचं ऊन, आणि अंगावर काटा! तो धावत काउंटरवर आला, उरलेली बाटली मातीत उपडी केली. आणि मग आठवलं – एक गेलाय. एक पेला गेलाय!

कुणाकडं?

त्यानं मांडवात नजर टाकली. शंभर-दीडशे माणसं, आणि चेहरा एकालाही नाही! लाल, हिरवी, काळी, सोनेरी तोंडं. दात तेवढे पांढरे. कोण पुरुष, कोण बाई, कोण मालक, कोण पाहुणा, कळायला मार्ग नाही. सगळे नाचतायत, सगळे हसतायत. आणि त्यातल्या एकाच्या पोटात मरण उतरलंय – आणि तोही हसतोय!

पोपट जयंताकडं गेला.

"जयंताभाऊ... तो डबा... एक पेला गेलाय..."

जयंताचं तोंड क्षणभर पांढरं पडलं, रंगाखालीसुद्धा दिसलं. मग त्यानं पोपटाचं मनगट धरलं.

"एकच ना? एका पेल्यानं काही होत नाही. आणि ऐक. ओतलं कुणी? तू. हात कुणाचे? तुझे. तोंड उघडलंस तर आत तू जाशील. बायकापोरांचा विचार कर. गाडीत बस आणि घरी जा, जा!"

आता आली का दोन भयं समोर? एक भय म्हणतंय – तुरुंग! अब्रू! पोरांच्या तोंडचा घास! दुसरं भय काही बोलतच नाही. नुसतं गर्दीत कुठंतरी उभं आहे, रंगवलेलं तोंड घेऊन.

पोपट कुणाचं ऐकतो? मंडळी, खरं सांगायचं तर पहिल्याचंच ऐकलं! तुमच्या-माझ्यासारखाच तो. फाटकाकडं निघाला. सामानाची गाडी तोच चालवायचा, किल्ली खिशात होती. खाली मान घालून भरभर चालला.

फाटकाशी एक तरुण त्याला येऊन धडकला. दोन्ही मुठी डोळ्यांवर, आणि ओरडतोय, "अगं काही दिसत नाही! खरंच काही दिसत नाही गं!" मागून त्याची बायको हसत तांब्या घेऊन आली. "गुलाल गेलाय नुसता! डोळे चोळू नका, इकडं या!" तिनं पाण्याचा हबका मारला, त्यानं डोळे उघडले, दोघं हसत सुटले.

पोपट तिथंच थिजला. *आधी डोळे जातात.* उद्या सकाळी कुणीतरी असंच म्हणणार – काही दिसत नाही गं! – आणि तेव्हा तांब्याभर पाण्यानं भागणार नाही.

गडी मागं फिरला! तडक गाणी लावणाऱ्याकडं गेला आणि त्याच्या हातातला माइक ओढला. गाणं बंद पडलं. सगळा मांडव वळला.

"माझ्या हातून..." आवाज असा कापत होता, की लोकांना वाटलं हा प्यायलाय! "माझ्या हातून एका पेल्यात विषारी स्पिरिट गेलंय. पंचरंगी पेला होता. ज्यांनी घेतला, त्यांनी दवाखान्यात चला. आता काही वाटणार नाही. उद्या वाटेल, तेव्हा उशीर झालेला असेल. चला. पाया पडतो, चला."

जयंता? तो कुंपणावरून केव्हाच पसार!

उल्हासशेठ पुढं आले आणि खाडकन पोपटाच्या थोबाडीत दिली. "माझ्या घरी विष? व्याह्यांसमोर?" मग लोकांकडं वळून म्हणाले, "घेतलाय का कुणी? बोला!"

कुणी बोलेना. सगळे एकमेकांच्या रंगीत तोंडांकडं बघतायत.

"बघा! कुणी घेतला नाही. जमिनीवर सांडला असेल. याला बाहेर काढा, गाणं लावा!"

पण पोपटानं हात पाहिला होता. आणि आता त्याला दुसरीच गोष्ट दिसली – मंडळी, इथं लक्ष द्या! त्याला दिसलं, की पेला घेणाराही इथंच उभा आहे आणि भितोय. अगदी पोपट मघाशी भ्याला होता तसाच. विषाला नाही – लोकांना!

लोक त्याला बाहेर ढकलत होते. जाता जाता तो ओरडला, "कुणी हात वर करू नका! नाव सांगू नका! फाटकाबाहेर पत्र्याची गाडी आहे. मागचा दरवाजा उघडा ठेवतो. आरसा फिरवून ठेवतो. मी पाठ करून बसतो, वळून बघणार नाही. फक्त या!"

गाडीत बसला. आरसा खरंच फिरवला. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. आत गाणं पुन्हा सुरू झालं. वेळ जाईना. मनात येतंय – कुणी आलं नाही तर? पोलीस आधी आले तर? मान मागं वळू बघतेय, आणि हा तिला धरून बसलाय.

...बांगड्या वाजल्या.

मागं कुणीतरी चढलं. दरवाजा लागला. एका बाईचा, वयस्कर आवाज आला, "चला."

कोण असेल? सांगा बघू! विहीणबाई! प्रत्यक्ष शेठजींच्या लेकीची सासू, इंदुमतीबाई! एकादशी सोडायच्या नाहीत, बायकांच्या भजनी मंडळात पुढं बसायच्या, सुनेनं डोक्यावर पदर घेतला नाही तर घर डोक्यावर घ्यायच्या – त्या! सरबताचं टेबल वेगळं होतं हो. पण त्या पाच रंगांची भूल पडली. वाटेत त्याच म्हणाल्या, "सरबतच असेल, असं मी मनाला सांगितलं. मन म्हणालं, बरं." मग जरा थांबून म्हणाल्या, "एका घोटात वरचं सगळं गेलं. कडू लागलं. थांबले असते, पण टाकायचं कुठं? सून बघत होती."

"तुम्ही मघाशी बोलला का नाहीत, आई?"

"सुनेच्या माहेरी, व्याह्यांच्या मांडवात, दीडशे माणसांत? त्यापेक्षा मेले असते." आणि मग अगदी हळू आवाजात, "तू बघणार नाहीस म्हणालास, म्हणून आले."

पोपटानं गाडी पळवली. दवाखान्यात डॉक्टरांना स्वतः सांगितलं – हे स्पिरिट, ह्या थरात, माझ्या हातानं. डॉक्टर म्हणाले, "अजून काही जाणवायच्या आत आणलंत, हे फार झालं."

आणि सकाळी? सकाळी बाईंच्या डोळ्यांपुढं धुकं आलं. घरच्यांचा जीव टांगणीला लागला. पण औषध पोटात आधीच गेलेलं होतं. जीव वाचला. डोळे वाचले. उजव्या डोळ्यापुढं थोडा धुरकटपणा मात्र राहिला, तो शेवटपर्यंत. सून उशाशी बसून होती. बाईंनी तिचा हात धरला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. सून हसली नाही. रडली, आणि म्हणाली, "मी बघतच नव्हते हो आई."

जयंता सापडला, त्याच्यावर खटला चालला. पोपटही सुटला नाही – "सील नाही हे दिसलं होतं, तरी ओतलं" असं त्यानं स्वतःच लिहून दिलं. कोर्टाच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या. काम गेलं. शेवटी न्यायाधीशांनी सौम्य शिक्षा केली, तीही भोगून आला. कुणी हार घातले नाहीत.

तर मंडळी, भ्यावं की भिऊ नये? भ्यावं! खुशाल भ्यावं! पण आपलं काय होईल याला थोडं कमी, आणि आपल्यामुळं दुसऱ्याचं काय होईल याला थोडं जास्त. भगवंताचं भय म्हणतात ते हेच, दुसरं काही नाही.

आणि आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, आम्ही दारू ओतत नाही. ठीक. पण तुमच्या घरात कुणीतरी आहे, ज्याच्या पोटात काहीतरी गेलेलं आहे. मुलगा असेल, सून असेल, म्हातारा बाप असेल. हसतोय, जेवतोय, आणि सांगत नाही. विषाला भीत नाही तो, महाराज – तुम्हाला भितो! तुमच्या थोबाडीत मारणाऱ्या हाताला, तुमच्या डोळ्यांना भितो. आज घरी गेलात, की त्याला प्रश्न विचारू नका. शेजारी बसा. दुसरीकडं बघा. दार तेवढं उघडं ठेवा.

म्हणा, सगळे मिळून म्हणा – ज्याच्यापुढं लपवावं लागत नाही, त्या एकाचं नाव!