माझे एकेचाळीस ओले गणपती

माझं माहेर इथलंच, बडोद्याजवळच्या करजणचं. वडील तिथं शाळेत चित्रकलेचे मास्तर, श्रावणात शाडूचे गणपती करायचे, माझ्या हाताला मातीचं वळण लागलं ते तिथलं. लग्न होऊन बडोद्यात आले, दांडिया बाजारात. आजेसासरे इथल्या जुन्या संस्थानी फौजेतले, आमचे हे मात्र मकरपुऱ्यात लोखंडी कपाटांच्या कारखान्यात. घरी बसून काय करू म्हणून एका वर्षी पाच मूर्ती केल्या, पुढच्या वर्षी बारा, आणि तुम्ही ज्या पावसाचं विचारताय ना, त्या वर्षी एकेचाळीस.

घरोघरी नुकतं केबल आलं होतं तेव्हाची गोष्ट. बडोद्याचा पाऊस तेव्हा कसला हो, दोन दिवस पडायचा आणि आठ दिवस कडक ऊन, मूर्ती गच्चीवर आपोआप सुकायच्या. त्या वर्षी सूर्य म्हणून दिसेना. रस्त्यात गुडघाभर पाणी, भिंतींना बुरशी, मिठाचं डब्यात पाणी झालेलं, आणि माझे गणपती माजघरात ओलेच्या ओले, बोट लावलं की बोट उमटायचं. ओल्या मातीवर रंग धरत नाही आणि चतुर्थीला राहिले नऊ दिवस. लोक पाट ठेवून गेलेले, पाटांवर खडूनं नावं. पंखा लावला तर लाइट गेली, शेगडी पेटवली तर धुरानं देव काळे. रडले, काय सांगू तुम्हाला, मूर्तींच्या मध्ये बसून रडले.

तर हे म्हणाले, आमच्याकडं कपाटांना रंग मारून भट्टीत तापवतात, खोलीएवढी भट्टी आहे, पावसानं ट्रक येईनात म्हणून रिकामीच आहे, शेठना विचारू का. सासूबाई तिथंच वाती वळत होत्या, मला वाटलं आता ओरडतात, देव भट्टीत घालता म्हणून. त्या म्हणाल्या, अगं प्राणप्रतिष्ठा व्हायचीय अजून, आत्ता ती मातीच, ने खुशाल. शेठ गुजराती, ते म्हणाले, बेन, भट्टी तो खाली ज छे, लई आवो, रिकामीच आहे, घेऊन या म्हणे.

नेणार कसे? कंपनीच्या बसमधून! सकाळच्या पाळीचे वीस-एकवीस जण, प्रत्येकाच्या मांडीवर एक गणपती, दोन दिवसांत दोन खेपा. पाण्यातनं बस डुलत चालायची, आणि खड्डा आला की सगळे एका सुरात ओरडायचे, सोंड सांभाळ! रडायची विसरून मी हसत सुटले.

आधी मूर्तीपुढचा मातीचा एक उंदीर घालून बघितला, कपाटांच्या आचेवर. टच् आवाज झाला आणि उंदराचे दोन तुकडे. शेठ म्हणाले, बेन, उंदर तो गयो. मी ते तुकडे उचलून बघितले. मग म्हटलं, ही माती, लोखंड नव्हे, हिला ऊन पाहिजे, आग नको. भट्टी जराशी तापवून बंद करायला लावली, दार अर्धं उघडं, आणि मी आत हात धरून उभी राहायची, माझ्या हाताला सोसलं तर देवाला सोसेल. तीन दिवस असं केलं, आणि सुकले हो, खडखडीत सुकले!

एकाच मूर्तीच्या पोटाला तडा गेला. बुजवला, पण गिऱ्हाइकाला कशी देऊ? शेठ म्हणाले, मारी भट्टीमां फाट्यो एटले ए मारो, माझ्या भट्टीत तडकला म्हणून तो माझा. त्यांच्या घरी कधी गणपती बसला नव्हता, त्या वर्षी बसला. गिऱ्हाइकाला मी आमच्या घरचा दिला आणि आमच्यासाठी सुपारीएवढा केला, तो एका दुपारीत सुकला. चतुर्थीला पाऊस होताच, लोक देवावर छत्री धरून स्वतः भिजत चाललेले, दारातनं बघत बसले मी.

आता माझे हात थरथरतात, मूर्तींचे डोळे सून रेखते. हल्ली पाऊस असा वरचेवर पडतो. कालच ती म्हणाली, आई, सुकतील का हो? म्हटलं, सुकतील गं, घाई नको करू. तुम्हीही पार भिजलात की. बसा पंख्यापुढं, चहा टाकते. सुखात राहा.