बाराचा भोंगा

साखळी नंतर रे, आधी खालची तोटी. थंडीत नळीतली वाफ गार होते, पाणी साचतं, ते आधी गळू द्यायचं — खाली बादली लावायची, पाणी संपून कोरडी वाफ फुसफुसली की तोटी बंद, आणि मग साखळी. अर्धी ओढायची, एक दम थांबायचं, मग पुरी. झालं. एवढंच आहे ते, आणि एवढ्यासाठी तीन दिवस मिल गुळण्या करते आहे. काल ऐकला मी तुझा भोंगा इथून — म्हातारा माणूस चूळ भरतो तसा. हस, हस, मीही पहिल्या थंडीत तसाच वाजवला होता, तेव्हाचा गोरा साहेब धावत आला होता, बॉयलर फुटला म्हणून. बस ना, ओट्यावरच बस. आणि हळू बोल जरा — मथुरा आत आहे, माझी बायको. डोळा लागला तर लागला, नाही तर पडल्या पडल्या सगळं ऐकते.

तुकईथडचा ना तू? चुडामण. बरं. शेत सोडून आलास की शेतानं सोडलं? — असू दे, ते तुझं तुला. साहेबानं पाठवलं का आपण होऊन आलास? पाठवलं. वाटलंच मला. चोवीस वर्षं मी ती साखळी ओढली, काढताना त्याला एक दिवस लागला नाही, आणि आता भोंगा वाजेना तर 'देवराम को पूछ के आ'. मी नाही म्हणणार नाही. तुझी काय चूक त्यात. पण तोटीचं विचारायला आलेला माणूस एवढा वेळ कप हातात धरून बसत नाही — दुसरं काय आहे? बोल.

हां. म्हणजे तुलाही सांगितलं त्यानं. किती, पाचच ना? की आता आठ? — पाच. बरं. दर माणसाला पाचनंच सुरुवात करतो म्हणजे.

माझ्या वेळेला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं. खुर्ची दिली बसायला, मला, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, देवराम, देश नया है, देश को कपड़ा चाहिए, पाँच मिनट देश को दो. जेवणसुट्टीचा बाराचा भोंगा बारा पाचला द्यायचा, आणि सुट्टी संपल्याचा एकचा एकलाच. मी म्हणालो, साहेब, मग घड्याळच मागं करा ना, माझ्या मागं कशाला. तर हसला. भोंग्याच्या खोलीतलं घड्याळ खऱ्या वेळेवरच ठेवायचं म्हणाला — आता कळतं मला ते. घड्याळ खोटं निघालं तर तो सापडेल. भोंगा उशिरा निघाला तर मी सापडेन. आणि वर खांद्यावर हात ठेवून, आपुलकीनं अगदी — तुम बूढ़े आदमी हो, हाथ काँपता है, पाँच मिनट इधर-उधर कौन देखता है. कागदावर काही नाही. तू म्हणशील लिहून द्या, तर तो म्हणेल कशाबद्दल.

मग काय केलं? ऐकलं. काय करणार. ऐकलं मी.

तू दुसरंच ऐकून आला आहेस, माहीत आहे मला. दम धर.

पहिले काही दिवस गंमतच झाली. आपल्या या साऱ्या शनवारा मोहल्ल्याची घड्याळं आमच्या भोंग्यावर लावलेली, घड्याळवाला देवचंद तर भोंगा झाला की दुकानातली सगळी घड्याळं मिळवून घ्यायचा — म्हणजे अर्धं बऱ्हाणपूर पाच मिनिटं मागं. माणसांच्या भुसावळच्या गाड्या चुकल्या. स्टेशनमास्तरला शिव्या दिल्या लोकांनी, म्हणे रेल्वे हल्ली लवकर सुटते. मी हसायचो. मिलमध्ये कोणाच्या हाताला घड्याळ आहे सांग — भूक लागली की म्हणायचे, आज भोंगा लांबला वाटतं, आणि परत मागाकडं वळायचे. माझ्यावर संशय नाही कोणाचा. देवराम चुकत नाही, असंच होतं ते.

एकटी धुरपदा सोडून. रीलिंग खात्यातली धुरपदाबाई — माहेर दापोऱ्याचं, उंच आहे, कपाळावर गोंदण — आजही असेल बघ तिसऱ्या रहाटावर. तेव्हा तीन महिन्यांचं पोर होतं अंगावर, नाल्यापलीकडं सासूजवळ ठेवून यायची. बाराला धावत जायची, पाजून यायची. ती एकदा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. पदर पुढं घट्ट धरलेला. म्हणाली, बाबा, बारा कव्हाच वाजले. मी म्हणालो, नाही गं, वाजायचे आहेत. तर म्हणते, मले दूध सांगते बाबा, पान्हा फुटला, माही चोळी भिजली — दूध खोटं नाही बोलत. अन् घड्याळ माझ्या पाठीमागं, बारा वाजून तीन मिनिटं. तिला वाचता येत नाही म्हणून. मला तरी कुठं वाचता येतं, पण काटे कळतात. मी तिला म्हणालो — काय म्हणालो असेन? म्हणालो, धुरपदे, पहिलटकरणीचं दूध असंच असतं, त्याला वेळ कळत नाही. मान खाली घालून गेली ती. रोज भिजायची, रोज थांबायची. नंतर आटलंच तिचं. पोर वरच्या दुधावर आहे आता, बरं आहे, मी विचारत असतो.

नाही, रडत नाही मी. डोळ्यांना पाणी येतं थंडीत.

तोंड उघडायचंच नव्हतं असं नाही. मनात होतं — दिवाळीनंतर नागपूरहून कारखान्यांचा सरकारी इन्स्पेक्टर येतो दरसाली, चांगला माणूस, मजुराला अहोजाहो करणारा, त्याला सांगीन. त्याच्यासमोर बोलायचं काय तेही घोकून ठेवलं होतं. तर ऐन दिवाळीत राज्यच बदललं. नागपूर तिकडं गेलं, आपण इकडं राहिलो, राजधानी भोपाळ. साहेबानं पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाला, देवराम, अब नागपूरवाला नहीं आएगा. म्हणजे त्याला माहीत होतं मी काय घोकतो आहे ते. पेढा खाल्ला मी. गोड होता.

आता तुला जे सांगितलं असेल लोकांनी ते — संक्रांतीनंतरचा तो दिवस. तोवर साहेबाच्या पाच मिनिटांची कुणकुण मिलभर झाली होती. साहेब अंगणात उभा, मनगटावर घड्याळ, आणि ठीक बाराला देवरामनं साखळी ओढली, छातीठोक, साहेबाच्या तोंडावर. खरं आहे. ठीक बाराला ओढली. बारावर एक क्षण नाही. माणसं आधी उठेनात, मग खिडकीतून साहेबाचा चेहरा बघून कोणीतरी ओरडलं, देवरामनं वेळेवर दिला रे, आणि मग — मी जिना उतरतो तर खाली सगळं खातं उभं. मागावरच्या लीलाधरनं उचललंच मला. खांद्यावर. गळ्यात सुताची लड घातली हारासारखी. फाटकापर्यंत, फाटकाबाहेर, पिंपळापर्यंत. मी म्हणतोय सोडा रे, खाली ठेवा रे, मला घरी जाऊ द्या. त्यांना वाटलं लाजतो म्हातारा.

का ओढली बाराला? — विचारलंस. कोणी विचारलं नव्हतं अजून.

मथुरेला ताप होता आठ दिवस. त्या सकाळी हात धरून म्हणाली, आज बाराच्या भोंग्याला लगेच या, मला एकटीला बरं वाटत नाही. आजारी माणूस, भोंग्यावर कान ठेवून पडलेली. अन् माझ्या मनात आलं, आज पाच मिनिटं नाही. आज नाही. बस, एवढंच. देश नाही, मजूर नाही, धुरपदा नाही. धुरपदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा हात हलला नाही माझा. माझी बायको म्हणाली आणि हलला. ज्याला खांद्यावर घेऊन नाचले तो हा माणूस.

आणि तो नाच — तू किती धरशील? पाव तास. पाव तास मी हवेत. इथं हिनं भोंगा ऐकला, भोंग्यापासून माझी पावलं मोजली, नाल्याचा पूल, मशिदीचं वळण, शनवाऱ्याचा दरवाजा, रोजचा हिशेब तिचा — मी यायला हवा होतो. आलो नाही. मग ती उठली. दाराशी बघायला उठली, आणि उंबऱ्यात पडली. मी आलो तेव्हा तिथंच होती, जिथं तुझी चप्पल आहे. गळ्यात लड होती माझ्या अजून. खुबा मोडला म्हणाले डॉक्टर. म्हणाले या वयात जुळत नाही. ती मला एवढंच म्हणाली, भोंगा तर केव्हाचा झाला, होतात कुठं?

तिच्यासाठी ओढली, हे तिला सांगितलं नाही मी. मजूर माझे पाय धरतात, तिला वाटतं नवऱ्यानं मोठं काम केलं, म्हणून उशीर झाला. म्हणून हळू बोल म्हणालो तुला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. हिंदीत आहे. देवाच्या फळीवर ठेवली आहे, यादव मास्तरनं वाचून दाखवली — वृद्धावस्था के कारण समय का ध्यान नहीं रहता, भोंगा गलत समय पर बजाया. पाच महिन्यांत एकदाच बरोबर वाजवला, तो गलत.

आता तू विचारतोस साहेबाशी कसं वागावं. मला विचारतोस. मी काय सांगू — त्याच्यासमोर हो म्हण आणि वेळेवर ओढ? ओढलास तर तुकईथडला परत जाशील. नाही ओढलास तर खुर्ची मिळेल बसायला. मला इथं कळणारही नाही तू काय केलंस ते. माझ्याकडं घड्याळ नाही, आणि उन्हाला पाच मिनिटं दिसत नाहीत. आधी धुरपदेला कळलं असतं. आता तिलाही कळायचं नाही. त्या खोलीत घड्याळ आहे आणि तू आहेस, तिसरं कोणी नाही.

हिला मात्र — मी समोर बसलेलो असतो रे दिवसभर, हात हातात घेऊन, तरी बाराचा भोंगा झाला की हिची मान दाराकडं वळते. मी म्हणतो, अगं हा काय मी. तरी बघते.

ऊठ आता. ऊन पायरीवर आलं, अकरा होऊन गेले असतील, तुला चालत जायचं आहे. कप राहू दे तिथं. तोटी आधी, विसरू नको. आणि जाताना दार लोटून घे — उघडं राहिलं की ती बघत बसते.