प्रश्न विचारून थांबणारे सर

कांबळे काकू, आप्पा, मोंढ्यातली मंडळी, कॉलेजचे प्राध्यापक, आणि वर्गातल्या माझ्या पोरापोरींनो,

एवढ्या उन्हात सगळे आलात. मला बोलायला उभं केलंत. पण मला बोलता येत नाही, भांडता येतं. कांबळे सरांना ते माहीत होतं. आज कुणी मधातच बसवलं तरी मी रागावणार नाही. बहुतेक.

आपण आप्पांच्या गोदामात बसलोय. पाऊस नाही, मोंढ्यात माल नाही, म्हणून हे रिकामं पडलेलं. आप्पाच सरांना म्हणाले होते, "मास्तर, ज्वारी न्हाई तर पोरं भरा." तेव्हापासून इथं इंग्रजीचा वर्ग. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, मुलाखती निघाल्या. अहमदपूरची शिकलेली पोरं तिथं जायची आणि मुकी होऊन परत यायची. सरांना ते बघवलं नाही.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. तिथं इंग्रजी म्हणजे उतारा इंग्रजीत, अर्थ मराठीत, आणि आम्ही माना खाली घालून लिहून राहिलो. इथं फळाच नव्हता. बादली होती, घागर होती, दोर होता. मागच्या आटलेल्या आडातून दोर ओढायचा आणि ओढता ओढताच म्हणायचं, "आय ॲम पुलिंग द रोप." बादली कोरडी यायची, पण वाक्य राहायचं. हाताला दोर लागलेला असायचा ना.

मग पाठीला पाठ करून बसवायचे. एकानं आपलं घर इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकून पाटीवर काढायचं. माझ्या पाठीमागं कोण बसायचं ते सांगत नाही. वर्गातल्यांनो, हसू नका. तिची चूल कुठं, खिडकी कुठं, उंबऱ्याशी काय ठेवलेलं असतं, मला सगळं पाठ आहे. त्या घरी मी कधी गेलो नाही.

आणि सर थांबायचे. प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. नाव नंतर घ्यायचे, म्हणजे आधी सगळ्यांनाच विचार करावा लागायचा. एकदा विचारलं, रोज सकाळी तुम्ही कुठं जाता? मग तिचं नाव घेतलं. ती लई वेळ घ्यायची. मला सहन व्हायचं नाही. मीच उत्तर ठोकून दिलं. सरांनी खिशातून एक चिंचोका काढला, माझ्या हातावर ठेवला.

"तोंडात धर. दुसरा बोलेपर्यंत काढू नको."

मी म्हटलं, सर, तिला येत न्हाई.

"येतंय. ती शोधून राहिली. तू मधात बोललास की तिच्या तोंडचा घास काढतूस."

मी चिंचोका धरला. सगळा वर्ग थांबला. लई थांबला. मग ती म्हणाली, "वी गो टु द वेल, सर. द वेल इज ड्राय. बट वी गो." तोवर ती सरांसमोर अख्खं वाक्य कधी बोलली नव्हती. सरांनी शाबास म्हटलं नाही. नुसते डोळे पुसले.

परवा सर लातूरला गेले. मुलाखतीत काय विचारतात ते कचेरीबाहेर उभं राहून ऐकायला. परत आले, एसटीतून उतरले, आणि स्टँडवरच पडले, ते उठलेच नाहीत. ऊन लागलं म्हणतात.

सोमवारी तिची मुलाखत आहे. आणखी पोरींची आहे. सर कुठं आहेत? आप्पा म्हणतात, नवी कचेरी गोदाम भाड्यानं मागून राहिली. मास्तरच न्हाईत तर शिकवणार कोण? कुणी उभं राहिलं तर किल्ली देतो म्हणतात. आप्पांचं काय चुकलं? काल मसणवट्यात मी प्राध्यापकांना विचारलं. म्हणाले, दोर-बादली घेऊन शिकवणं आमच्याच्यानं होणार नाही. मी ओरडलो. काय उपयोग झाला? काही नाही.

मी घेतला असता वर्ग. पण माझं इंग्रजी दोर-बादलीपुरतं. कसं बसवायचं, कधी थांबायचं, ते मी दाखवीन. साहेबासमोर काय बोलायचं, ते मला येत नाही. मला एकट्याला जमणार नाही. कुणीतरी या हो.

आता उभे राहा. सरांसाठी गप्प राहायचं आहे, पण सरांच्या पद्धतीनं. आधी प्रश्न, मग शांतता. नाव मी कुणाचंच घेत नाही.

जयभीम, सर.

उद्या सकाळी हा वर्ग कोण घेणार?

चिंचोका तोंडात धरतो. कुणीतरी बोलेपर्यंत काढणार न्हाई.