जवारी आणलीया, लावा!

मंडळी, देवाचं नाव घेण्याआधी आज तुम्हालाच एक विचारतो. दार उघडं ठेवलं, की झालं का आपलं काम? सांगा! हे देवळाचं दार बघा — सताड उघडं! कुणाला आडकाठी आहे? नाही! मग ती चार पोरं तिकडं चपलांपाशीच का उभी आहेत? — अहो, सगळ्यांनी एकदम माना वळवू नका, बुजतील बिचारी! असू द्या. ह्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या अकलेनं सापडलं नाही. मिरजेच्या अंबूताईंनी शिकवलं. ऐका!

मिरज! तंबोरे बनवणारं गाव. दुसरीकडं कडू भोपळा उकिरड्यावर जातो, मिरजेत गायला लागतो! माणसांपेक्षा भोपळ्यांचं नशीब मोठं! तिथं अंबूताई गाणं शिकवायच्या. गळा गोड, जीभ तिखट. वय झालेलं. एके दिवशी त्यांच्या मनात आलं — माझ्याकडं येतात ती सगळी डॉक्टर-वकिलांची मुलं. सूर काय ह्यांच्याच घरी जन्माला येतो? झालं! दारावर पाटी लागली — 'गाणं शिकायचं असेल त्यानं यावं. फी नाही.'

पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. सोळाव्या दिवशी एक मुलगी आली. नाव लगमव्वा. बारा-तेरा वर्षांची. गावाबाहेर दगडाची खण, तिथल्या वस्तीवरची. आई दुर्गव्वा खणीत दगड फोडायची, फोडता फोडता गायची, आणि ही पोरगी खडी वेचता वेचता तिच्या सुरात सूर मिसळायची. शिकवलं कुणी? कुणीच नाही! आली, आणि बसली कुठं? उंबऱ्याला टेकून. पाटीनं आत बोलावलं, पण पाय आत येईना!

त्या दिवशी अंबूताईंनी तंबोरा छेडला — ढब्ब! "अगोबाई! ह्याची तर जवारी गेलीय. उद्या आधी जवारी लावायची, मग गाणं. जवारीशिवाय सूर खुलायचा नाही. काय?"

"हो ताई!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

आता जवारी म्हणजे काय हो? तुम्ही म्हणाल, बुवा, एवढंही कळत नाही? भाकरीची! — बरोबर! पण गाणाऱ्यांची जवारी वेगळी. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला, की बोथट तार झणकारून उठते. ती जवारी! वर्गातल्या मुलांना हे ठाऊक. लगमव्वाला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी अंबूताई दोऱ्याचं रीळ आणायला आत गेल्या होत्या. लगमव्वा आली. आज मात्र उंबरा ओलांडून थेट आत! हातात फडक्याचं गाठोडं. तंबोऱ्यापुढं ठेवलं, गाठ सोडली. पांढरीशुभ्र, पाखडून निवडलेली ज्वारी! म्हणाली, "जवारी आणलीया, लावा!"

मंडळी, काय चुकलं तिचं? गुरूच्या घरी शिधा घेऊन जावं, हे तिच्या आईला ठाऊक होतं. जवारीशिवाय सूर लागत नाही, हे तर ताई स्वतःच म्हणाल्या होत्या! पण एक मुलगा फिस्सकन हसला. "अरे, ही तंबोऱ्याला भाकरी भरवणार!" मग काय, सगळा वर्ग हसला! पोट धरधरून हसला! पोरीनं एकदा सगळ्यांकडं बघितलं — आणि गेली. गाठोडं तिथंच.

अंबूताई बाहेर आल्या. मुलांनी सांगितलं, हसत हसतच सांगितलं. अंबूताई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत! खाली बसल्या, मूठभर दाणे हातात घेतले. "दार उघडलं मी. पण आतले शब्द कुलपातच ठेवले की रे!" मग त्या हसऱ्या मुलाला म्हणाल्या, "तंबोरा उचल. चल माझ्याबरोबर."

भर उन्हात निघाली वरात! पुढं गाठोडं घेतलेल्या अंबूताई, मागं तंबोरा कवटाळलेला तो मुलगा. खण आली. दुर्गव्वा हातोडा टाकून धावली. अंगभर दगडाची भुकटी. "बाई, पोरगी पोतं पांघरून पडलीया. परत जायची न्हाई म्हणती." मग गाठोड्याकडं बघून हळूच विचारलं, "जवारी कमी पडली का वो?"

जवारी कमी पडली का! मंडळी, हे वाक्य मला आजही नीट म्हणता येत नाही.

अंबूताईंनी तिचा हात धरला. "नाही गं बाई. मी कमी पडले." आणि तिथंच खडीवर बसल्या. तंबोरा मांडीवर घेतला. बघतात तर रीळ घरीच राहिलं! "दुर्गव्वा, तुझ्या पदराचा एक धागा देशील?"

"घ्या की! फाटकाच हाय."

धागा ओढला, तारेखाली सरकवला. जरा पुढं — ढब्ब! जरा मागं — ढब्ब! आणखी केसभर — आणि तार बोलली! सगळ्या खणीत घुमली! हातोडे थांबले. पोतं हललं. लगमव्वा उठून बसली.

"बाई, ही जवारी व्हय?"

"ही तारेची. तू आणलीस ती पोटाची. दोन्ही लागतात गं! मी सांगायला हवं होतं." आणि त्या हसऱ्या मुलाकडं वळून म्हणाल्या, "आज ह्याच जवारीची भाकरी इथं जेवायची. दुर्गव्वा, थापतेस ना?"

जेवले सगळे! भाकरी आणि लाल चटणी. त्या मुलाला घास गिळवेना, पण घास काही तिखटानं अडकला नव्हता. लगमव्वानंच पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हणाली, "हसलास त्ये ऱ्हाऊ दे. आदी पाणी पी." आणि जेवण झाल्यावर तिनं त्या तंबोऱ्यावर पहिला सा लावला. आईच्या पदराच्या धाग्यावर!

लगमव्वा आता स्वतः शिकवते. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सा नाही, रे नाही. आधी जवारीचा अर्थ सांगते.

आता तुमचं बघू! सरका, जरा सरका पुढं! गुडघे आवळा! — ए बाळांनो, या. अगं ये, लाल रिबिनीवाली, इथं ये माझ्यापाशी. ह्या धर. ह्यांना चिपळ्या म्हणतात. एक अंगठ्यात, एक बोटांत. अशी.

कोण हसलं ते? असू दे, रागावत नाही मी. अंबूताईंच्या वर्गात पहिला हसलो होतो, तो मीच. — हं बाळा, उलटी धरलीस, तरी चालेल. वाजव!