बिनकुलपाचा फ्रीज

(मार्च १९७३. सोलापूर, सात रस्त्यावरील फ्रीजचे दुकान. भर दुपार.)

दाक्षायणी : दार उघडू नका, रामहरी. अजून अकरा मिनिटे शिल्लक आहेत.

रामहरी : बाई, आत थर्मामीटर ठेवून फ्रीज तपासणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय. लोक रंग बघतात. फार तर आत हात घालून गार लागतंय का बघतात.

दाक्षायणी : औद्योगिक शाळेत तुमच्या सरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तुम्हाला हाताने तापमान मोजायला शिकवले होते काय?

रामहरी : हातानं मोजलं म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं की!

चनमल्लप्पा : वैनी, तास झाला. फ्रीज घ्यायला माझी ना न्हाय. दूध ठेवा, भाजी ठेवा. पर ज्या कामासाठी घेताय, त्येला न्हाय म्हंजे न्हाय.

रामहरी : कोणत्या कामासाठी, बाई?

चनमल्लप्पा : सांगा की. दुकानात सांगायची लाज वाटती, आन घरात ठेवायची वाटत न्हाय.

दाक्षायणी : वाइन ठेवायची आहे, रामहरी. तुमच्या सरांनी कुंभारीच्या मळ्यातील द्राक्षांची केलेली. बावीस बाटल्या. परवाना त्यांच्या नावाचा होता, आता माझ्या नावाचा आहे. आणि भावजी, मी हे नेहमीच्याच आवाजात सांगितले, ऐकले ना?

चनमल्लप्पा : रस्त्यापल्याडच्यानंबी ऐकलं. अवो, गळ्यात लिंग बांधणारं घर हाय आपलं. सोप्यात जंगमाची, आपल्या गुरूची, पाद्यपूजा हुती. दादा गेला, त्याच्यासंगं त्याचं खूळबी गेलं समजा. मोरीत ओता आन मोकळ्या व्हा.

दाक्षायणी : ते खाटेवर होते, तेव्हा तुम्ही त्यांना काय कबूल केलेत? रामहरींपुढे सांगा.

चनमल्लप्पा : त्येचा हितं काय संबंध?

दाक्षायणी : सांगा.

चनमल्लप्पा : दोन वर्सं बाटली फोडायची न्हाय. औंदाचा श्रावण सरला की बागाईतदार येऊन चाखतील. चांगली निघाली तर बाग ठेवायची. बिघडली तर वेली उपटायच्या, जुंधळा पेरायचा.

दाक्षायणी : म्हणजे बाटल्या मोरीत गेल्या की बाग गेली.

चनमल्लप्पा : मी कुटं असं म्हणलं?

दाक्षायणी : तुम्ही म्हणत नाही. उन्हाळ्याकडून म्हणवून घेता.

रामहरी : मग आतापर्यंत कुठं होत्या बाटल्या?

दाक्षायणी : मळ्यातील विहिरीच्या कोनाड्यात. त्याआधीच्या वर्षीची वाइन घरातल्या खोलीत ठेवली होती. तिचा शिरका झाला. गल्लीभर लोणच्यासाठी वाटला.

चनमल्लप्पा : दादाचं तेवडंच एक लोकांच्या कामाला आलं.

दाक्षायणी : विहिरीत पाणी होते तोवर कोनाडा तेवीस अंशांवर राहत असे. यंदाच्या दुष्काळात विहिरीचा तळ उघडा पडला. गेल्या सोमवारी तिथे एकतीस अंश भरले. आता बाटल्या माझ्या खोलीत ओल्या पोत्याखाली आहेत. वैशाखात त्या टिकणार नाहीत. वेळ झाली, रामहरी. उघडा.

रामहरी : सहा अंश. बाई, बटण तर सगळ्यात कमी गारव्यावर आहे.

दाक्षायणी : मला तेरा हवेत.

रामहरी : तेरा? दूध नासलं म्हणून लोक माझ्या गळ्याला धरतील.

दाक्षायणी : दूध मी नेहमीसारखे तापवून ठेवीन. आता ही रिकामी बाटली आत आडवी ठेवा. उभी नको, बूच आतून ओले राहिले पाहिजे. बरोबर. त्या मोठ्या फ्रीजमध्ये दाराचे कप्पे आत येतात आणि बाटलीच्या मानेला अडतात. हा लहान असला तरी बावीस बसतात. मी कागदावर आखून आणले आहे.

चनमल्लप्पा : घ्या! लग्नाची पंगत मांडल्यागत आखलंय.

रामहरी : एक करता येईल. गिरणीतल्या पाण्याच्या कूलरला जो थर्मोस्टॅट असतो, तो इथं बसवतो. तेराच्या आसपास थांबेल. पण कंपनीची गॅरंटी जाईल. आणि बर्फ होणार नाही.

चनमल्लप्पा : बर्फ हुणार न्हाय? मग झालंच की! वैनी, आपल्या गल्लीत फ्रीज एकाच्या दारात, पर बर्फ समद्यांचा. गल्लीतल्या मास्तरांचा फ्रीज आला तवा रांग लागली हुती. पयल्याच दिशी शेजारची गुरम्मा वाडगं घिऊन उभी राहील. काय सांगणार तिला?

दाक्षायणी : बर्फ नाही, असे सांगणार.

चनमल्लप्पा : मग आत काय हाय, म्हणंल.

दाक्षायणी : तेही सांगणार.

चनमल्लप्पा : रामहरी, तूच समजाव. बरं वैनी, तुमचं न्हाय आन माझं न्हाय. घ्या फ्रीज. आतल्या खोलीत ठेवू, वर चादर टाकू. फ्रीजच्या दाराला कुलूप हायच. किल्ली माझ्याजवळ द्या. गल्लीला सांगू, बिघडलाय.

दाक्षायणी : नवा फ्रीज श्रावण सरेपर्यंत पाच-सहा महिने बिघडलेला?

चनमल्लप्पा : बाईमाणसाला दारूचं कपाट सांभाळावं लागतंय, हे कुणाला कळायला नको. तुमच्यासाठीच म्हणतोय.

दाक्षायणी : माझ्यासाठी म्हणत असाल, तर ऐका. पस्तीस वर्षे मी मुलींना शास्त्र शिकवले. प्रयोग कुलपात ठेवून कुणाला शिकवला नाही. फ्रीज सोप्यात राहील, उंबऱ्यातून दिसेल असा. रामहरी, हे कुलूप दारातून काढता येते?

रामहरी : येतं, पण भोक राहील, बाई.

दाक्षायणी : ते आतपर्यंत आरपार करा. त्यात बूच बसवा आणि बुचातून हा थर्मामीटर. पारा आत, आकडे बाहेर. म्हणजे दर वेळी दार उघडायला नको.

रामहरी : सर असते तर हेच सांगितलं असतं.

दाक्षायणी : त्यांनी आधी मला विचारले असते.

चनमल्लप्पा : म्हंजे सोप्यात फ्रीज, बिनकुलपाचा, आन दारातून काचेची कांडी भाईर? जंगम आले म्हंजे?

दाक्षायणी : त्यांनाही सांगेन. मग त्यांना आत यायचे तर येतील, परतायचे तर परततील. पाद्यपूजेचे पाणी तापवून ठेवणे माझे काम, ते मी चुकवणार नाही.

चनमल्लप्पा : आन श्रावण सरल्यावर आंबट निघाली तर?

दाक्षायणी : तर पहिली वेल मी उपटेन, भावजी, तुमच्याआधी. पण ते चाखून ठरेल, उन्हाने नव्हे.

चनमल्लप्पा : दादा तुमाला जिंकू शकला न्हाय. मी कुटं जिंकणार?

दाक्षायणी : ते कधी प्रयत्न करीत नसत. म्हणून बाग झाली.

रामहरी : मग उद्या सकाळी हातगाडीवरून पाठवतो, बाई. कुलूप आत्ताच काढलंय. ह्या त्याच्या दोन किल्ल्या.

दाक्षायणी : एक भावजींना द्या. त्यांना हवी होती.

रामहरी : आणि कुलूप?

दाक्षायणी : ते दुकानातच असू द्या.